बापडे आजोबा, मुळाबरहुकूम

साल दोन हजार चोवीस. मला त्र्याहत्तर पुरी होऊन चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, खालचे दात सगळे शाबूत होते, अन् आयुष्यात कुणी मला बापडा म्हणलेलं नव्हतं. म्हणायची कुणाची छाती नव्हती. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मी मापाडी होतो. म्हणजे शेतकऱ्याचा माल आडतीवर आला की तो मोजून द्यायचा, वजनाचा आकडा मोठ्यानं बोलायचा. मी आकडा बोललो की पुन्हा कुणी विचारत नसे. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. चौथीत गुरुजीशी पटलं न्हाई. त्यात चूक गुरुजीची होती, हे मी आजही सांगतो.

त्या वर्षी थंडीत माझी नात नांदेडहून घरी आली. थोरल्या पोराची थोरली. नांदेडला मराठीत पीएचडी करत होती, अन् विषय काय, तर आपल्या भागातले धान्य मोजायचे शब्द. पायली, आधुली, मापटं, चिपटं. अन् माप घालताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' का म्हणतात, मालक मुसलमान असला तर 'बरकत' का म्हणतात, असलं सगळं. तिनं विषय घेतला तेव्हा मी पोटभर हसलो होतो. ह्याच्यात शिकायचं काय? आमच्या मोंढ्यातल्या हमालाला पण येतंय. पण पोरगी माझ्यावर गेलेली. एकदा धरलं की सोडत न्हाई.

तर ती आली, ती धड जेवली न्हाई का बोलली न्हाई. बाजेवर लॅपटॉप मांडला, चहूकडं कागद पसरले, अन् तोंड पाडून बसली.

"काय झालं गं?"

"गाईड म्याडमनी संदर्भ परत पाठवले, आबा."

"संदर्भ म्हंजे?"

"मी प्रबंधात जे लिहिलंय ते कुठून घेतलं, कुणी सांगितलं, त्याचा पत्ता. पुस्तक असलं तर लेखक, साल, पान."

"म्हंजे हवाला."

"हाव आबा. हवालाच."

माझा बाप निजामाच्या राज्यात वाढलेला. कुणी बाजारात येऊन म्हणलं की हैदराबादेत ज्वारीचा भाव चढला, तर बाप म्हणायचा, हवाला दे. कुणी सांगितलं? कधी सांगितलं? तू ऐकलं का दुसऱ्यानं ऐकलं? तो हवाला आता पोरी कॉलेजात शिकून राहिल्यात, हे काही वाईट न्हाई, असं मला वाटलं.

पुस्तकांचे हवाले ठीक होते. गाडं अडलं होतं एका व्हिडिओपाशी. पोरीनं तिथं नुसती लिंक चिकटवून दिली होती. म्याडमनी लाल पेनानं लिहिलं होतं, नुसती लिंक म्हणजे संदर्भ नव्हे.

"बरोबर लिहिलंय बाईनं," मी म्हणलं. "पाव्हण्यानं घर विचारलं अन् नुसतं 'रिक्षानं या' म्हणलं तर तो कुठं उतरंल?"

"तेच तर करून राहिले आता," नात म्हणाली, अन् मला समजावून सांगायला लागली. तिला मोठ्यानं बोलल्याशिवाय कळत न्हाई, ही पण माझीच सवय. "आधी व्हिडिओ कुणी टाकला, म्हणजे चॅनल कुणाचं, ते नाव. मग टाकल्याची तारीख. मग व्हिडिओचं नाव, जसंच्या तसं. पुढं कंसात व्हिडिओ असं लिहायचं, न्हाई तर वाचणाऱ्याला ते पुस्तक वाटतंय. मग कुठल्या साइटवर हाय ते, मग लिंक, अन् मी कधी बघितला ती तारीख. मजकुरात मिनिट अन् सेकंद द्यायचं. पुस्तकाला पान, तसं व्हिडिओला मिनिट."

मला एकदम पटलं. मोंढ्यात काटापट्टी अशीच फाडतात. कुणाचा माल, कोणत्या दिवशी, काय माल, किती भरला. ह्यातलं एक जरी राहिलं तरी भांडण ठरलेलं.

"चांगलं हाय की मग. कुणाचा हाय तो व्हिडिओ?"

"तुमचाच की, आबा!"

ही गोष्ट मी साफ विसरून गेलो होतो. माझी धाकटी लेक चाकूरला दिलेली हाय. तिच्याकडं गेलो की मी घरात बसत न्हाई, जावयाचं अन् माझं फार वेळ पटत न्हाई. बसस्टँडजवळ सरकी-पेंडीचं एक दुकान हाय, तिथं बसतो. दुकानवाला मुसलमान, चाळिशीतला, तीन पिढ्यांचं दुकान. त्याला व्हिडिओचा नाद. गायीला काय घालावं, म्हशीचं दूध कसं वाढवावं, असले व्हिडिओ काढून टाकायचा. कोरोना यायच्या आदल्या वर्षी एक दिवस म्हणाला, काका, पायलीनं मोजून दाखवा ना. त्याच्याकडं आज्याच्या वेळची पायली होती. मी सरकी मोजून दाखवली, चार गोष्टी सांगितल्या, चहा पिलो, घरी आलो. माझा फोन बटनाचा. पुढं त्या व्हिडिओचं काय झालं ते मला कशाला कळतंय?

"अगं पण मी इथं जिता बसलोय की तुझ्यासमोर," मी म्हणलं. "मला विचार अन् लिही. व्हिडिओ कशाला पाहिजे?"

"तुम्ही माझे आजोबा. घरच्या माणसाचा हवाला दिला तर परीक्षक म्हणतील, दोघांनी घरात बसून बनवलं. हा व्हिडिओ मी विषय घ्यायच्या आधीचा हाय, परक्या माणसानं काढलेला. चौथ्या मिनिटाला तुम्ही एकाच मापावर लाभ पण म्हणून दाखवलंय अन् बरकत पण. एका तोंडातून दोन्ही शब्द मला दुसरीकडं कुठंच सापडले न्हाईत. माझं एक आख्खं प्रकरण त्याच्यावर उभं हाय."

आता एवढं ऐकल्यावर छाती फुगणारच. मी चष्मा लावला अन् पडद्यापाशी वाकलो. बघावं म्हणलं, आपलं नाव कसं लिहिलंय. मला वाचता येतं, पण घाईनं येत न्हाई. एकेक अक्षर जोडून वाचावं लागतं. पहिलं नाव पेंडवाल्याच्या चॅनलचं. मग तारीख. मग: उदगीरचे बा-प-डे आजोबा पायलीने धान्य कसे मोजतात बघा.

मी पुन्हा वाचलं. बापडे.

"हे काय हाय?"

"शीर्षक हाय आबा. त्यानं ठेवलेलं."

"बापडे? मी? मी काय पारावर बसून भाकर मागून राहिलो का?"

चुलीपाशी म्हातारी भाजी फोडणीला टाकत होती. तिथनंच बोलली, "आवो, खरंच लिहिलंय की त्यानं. दोन दिवस सून माहेरी गेली की तोंड कसं होतंय तुमचं, ते बघा आरशात."

"तू गप बस!" मी म्हणलं. "पोरी, ते खोड. मापाडी लिही."

"न्हाई लिहिता येत."

"का? तुझा प्रबंध, तुझा हात."

"शीर्षक जसं हाय तसंच लिहावं लागतंय. चुकीचं असलं तरी."

"अन् आधी पेंडवाल्याचं नाव कशापायी? बोललो मी, मोजलं मी, घाम माझा, अन् हवाला त्याच्या नावानं?"

"टाकणारा तो हाय म्हणून. शोधणारा त्याच्या नावानं शोधणार. तुमचं नाव मजकुरात हाय की, गावासकट. मापाडी असंच लिहिलंय तिथं."

"ते आत. पण इथं? हे पुस्तक नांदेडच्या लायब्ररीत राहणार ना? शंभर वर्षांनी कुणी उघडलं तर काय वाचंल? बापडे आजोबा!"

बराच वेळ भांडलो. मी जेवलो न्हाई, मग तीही जेवली न्हाई, मग म्हातारी म्हणाली की दोघंही उपाशी झोपा, घासायची भांडी कमी होतील. शेवटी नात माझ्याजवळ येऊन बसली अन् हळूच म्हणाली, "आबा, मोंढ्यात तुम्ही कधी कुणाला काट्याला बोट लावू दिलं का?"

"कुणाची हिंमत होती?"

"माल ज्याचा, त्यानं लई विनवलं तरी?"

"तरी."

"मग मला का सांगून राहिलात?"

मी ताट पुढं ओढलं. ह्याचा अर्थ मी हरलो असा न्हाई, भूक लागली होती एवढंच. तिनं त्या शीर्षकापुढं कंस करून एक शब्द लिहिला अन् मला वाचायला दिला. मुळाबरहुकूम. हा शब्द मला माहीत होता. बापाच्या जमिनीच्या नकलेवर खाली असंच असायचं, असल बरहुकूम नक्कल. असलात आमच्या आज्याचं नाव चुकलेलं, तर नकलेतही ते तसंच चुकलेलं. बाप त्यावरून जन्मभर चिडत होता.

नात दोन दिवसांनी नांदेडला गेली. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला शीर्षक बदलता येत न्हाई, पण ज्यानं ठेवलं त्याला येतंय ना? पुढच्या आठवड्यात लेकीला भेटायचं निमित्त काढलं अन् चाकूरची एसटी धरली. लेकीच्या घरी गेलोच न्हाई. थेट दुकानात.

"आओ काका, बैठो," दुकानवाला म्हणाला. "लई दिवसानं आले."

"बसायला न्हाई आलो. मी तुझं काय वाकडं केलं?"

"क्या हुआ?"

"मला बापडा म्हणलास. आख्ख्या दुनियेत."

तो घाबरून उभाच राहिला. मग फोन काढून त्यानं तो व्हिडिओ शोधला, डोळे बारीक करून वाचलं, अन् कपाळावर हात मारून घेतला. "अल्ला कसम काका, मैं मापाडीच बोला था!"

"बोललास अन् लिहिलं का मग असं?"

"अरे काका, मैं लिखताच नै. मेरी शाळा उर्दूत. मराठी वाचता येते, पण लिहायला लई टाइम लागतो. मैं फोनकू बोलता, फोन लिखता." त्यानं फोन तोंडाजवळ धरला. "देखो. उदगीरचे मापाडी आजोबा."

फोननं लिहिलं, उदगीरचे बापडे आजोबा.

"तू तोंडात सुपारी ठेवून बोलतोस," मी म्हणलं. "आण इकडं." मी फोन धरला अन् मोंढ्यात आकडा बोलायचो त्या आवाजात म्हणलं, "मापाडी!"

फोननं लिहिलं, माफ करी.

पेंड घ्यायला आलेली एक बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. दुकानवाला हसला. मी हसलो न्हाई, पण राग निम्मा उतरला होता, हे खरं. माणसानं म्हणलेलं न्हाई, मशीननं म्हणलंय. मशीनला मापाडी ठाऊक न्हाई, कारण ज्यांनी ती बनवली त्यांच्या गावाला मोंढा नसंल.

"अब्बी बदल देता," तो म्हणाला, अन् त्यानं ते नाव पुसायला घेतलं.

मी म्हणलं, थांब, पोरीला आधी सांगू. तिलाही बरं वाटंल. फोन लावला अन् ऐटीत सांगितलं, "तुझी अडचण मी मिटवली. नाव बदलून राहिलो. आता तू पण बदल."

तिकडनं पोरगी ओरडलीच. "आबा, थांबा! हात लावू नका! प्रबंध कालच दिला मी. छापून, बांधून. आता तो बाहेरच्या परीक्षकांकडं जाणार. त्यांनी लिंक उघडली अन् तिथं दुसरंच नाव दिसलं तर? म्हणतील, हिला साधं शीर्षक उतरवता आलं न्हाई, बाकीचं कशावरून खरं?"

"बघितल्याची तारीख टाकलीस ना तू?"

"टाकलीय. पण मग समजावत बसावं लागंल. अन् ते प्रकरण त्याच एका व्हिडिओवर हाय. आबा, व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होईपर्यंत ऱ्हाऊ द्या. पाया पडते."

माझी नात कधी पाया पडते म्हणत न्हाई. दिवाळीला पण कमरेतून वाकते, तेवढंच.

दुकानवाल्याचं बोट फोनवर तसंच धरलेलं. बापडे अर्धं पुसून झालं होतं, नुसतं 'बाप' उरलं होतं. वाटलं, एवढ्यावर ठेवलं तरी चालंल. पण नाव माझं अन् नुकसान तिचं, हा हिशेब माझ्याच्यानं जमला न्हाई.

"जसं होतं तसं कर," मी म्हणलं.

"पक्का?"

"पक्का. बापडेच ठेव. अन् तिची परीक्षा होईपर्यंत ह्याला बोट लावलंस तर तुझी पायली अन् तुझं डोकं."

"दिल बडा है काका तुम्हारा."

"दिलबिल काही न्हाई. परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हितं हाय. ध्यानात ठेव."

पुढचे महिने मी जे सोसलं ते मलाच माहीत. त्या हसणाऱ्या बाईनं चाकूरभर केलं, चाकूरचं उदगीरला यायला कितीसा वेळ? मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर माझ्याबरोबरीचा एक म्हातारा हमाल रोज हाक मारायचा, "या बापडे, बसा. अर्धा घेता का पूर्ण?" दुसरं कुणी असतं तर मी कप फेकून मारला असता. म्हणायचो, "म्हणून घे बापडा. परीक्षा होईस्तोवर घे." त्याला काही कळायचं न्हाई. मी सांगितलंही न्हाई.

व्हायवा दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात लागली. मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी कडक केली, अन् जळकोटवरून जाणाऱ्या गाडीनं नांदेडला गेलो. ऊन असं की गाडीच्या खिडकीचा गज धरवत नव्हता. व्हायवा सगळ्यांसमोर असते, कुणीही बसू शकतंय. मी मागच्या रांगेत बसलो. पुढं म्याडम, बाहेरून आलेले परीक्षक, अन् समोर उभी माझी नात. साडी नेसली होती अन् पदर सारखा चाचपून राहिली होती.

परीक्षकानं बरंच विचारलं. ती उत्तरं देत गेली. मग त्यांनी शेवटची पानं उघडली अन् चष्म्यावरून बघितलं. "हे काय आहे? बापडे आजोबा? आणि पुढे मुळाबरहुकूम?"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. मोंढ्यात सरकारी तपासणीला काटा उघडायचे, तेव्हाही काढली नव्हती.

"सर, व्हिडिओचं शीर्षक तसंच आहे," ती म्हणाली. "ते चुकलेलं आहे. मापाडीचं बापडे झालंय. पण शीर्षक दुरुस्त करण्याचा अधिकार माझा नाही, म्हणून तसंच ठेवलं. ते मापाडी आहेत हे मजकुरात लिहिलंय."

"बघू," परीक्षक म्हणाले.

त्यांनी लिंक उघडायला लावली. भिंतीवर मोठ्या पडद्यावर पेंडीचं दुकान आलं. वर शीर्षक. परीक्षकानं कागदावर बोट ठेवलं अन् पडद्यावरचं एकेक अक्षर मिळवत गेले. मीही जोडून राहिलो होतो. बा. प. डे. सगळं सारखं. मग त्यांनी कागदावरचं मिनिट-सेकंद बघितलं अन् बरोबर तिथं नेऊन सोडलं. अन् आख्ख्या खोलीत माझाच आवाज घुमला, "लाभ! अन् मालक तू हाईस, म्हणून तुझी, बरकत!"

"छान," परीक्षक म्हणाले. "पण ते मापाडी आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

"ते माझे आजोबा आहेत, सर. तळटीपेत ते सांगितलंय. व्हिडिओ मात्र मी विषय घेण्यापूर्वीचा आहे, टाकल्याची तारीख दिली आहे."

परीक्षकानं तळटीप वाचली. मान हलवली. मग विचारलं, "आजोबा आलेत का आज?"

तिनं मागं बघितलं. मी उभा राहिलो. सगळी खोली वळून बघायला लागली.

"नमस्कार आजोबा. बसा, बसा."

"बसतो," मी म्हणलं. "पण बापडा न्हाई."

म्याडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. परीक्षक पण हसले, अन् हसता हसता काहीतरी लिहिलं. थोड्या वेळानं आम्हाला बाहेर काढलं, पुन्हा आत बोलावलं, अन् माझी नात डॉक्टर झाली असं सांगितलं. तिनं पहिला पेढा गाईड म्याडमला दिला. दुसरा मला. मला दुसरा का, ते मी विचारणार होतो, पण तिचे डोळे भरलेले दिसले म्हणून ऱ्हाऊ दिलं.

"आबा," ती म्हणाली, "आता लावा चाकूरला फोन. सांगा बदलायला."

"फोनवर न्हाई," मी म्हणलं. "फोननंच घोळ केलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडहून लातूरची पहिली गाडी धरली अन् चाकूरला उतरलो. दुकानवाला नुकतं शटर वर करून पुढं पाणी मारून राहिला होता. मला बघून त्यानं बादली खाली ठेवली.

"पास?"

"पास. डॉक्टर. काढ फोन. अन् आज बोलायचं न्हाई, लिहायचं. मी सांगतो तसं."

तो गल्ल्यावर बसला, मी पेंडीच्या पोत्यावर. त्यानं बापडे पुसलं. पूर्ण पुसलं, मी बघितलं.

"म ला काना," मी म्हणलं.

"मा."

"प ला काना."

"पा."

"ड ला दुसरी वेलांटी. पहिली न्हाई, दुसरी. डावीकडची नको, उजवीकडची."

"डी."

मी फोन हातात घेऊन जोडून वाचलं. मा-पा-डी. दोनदा वाचलं. मग त्याच्याकडं दिला. "दाब."

त्यानं बटन दाबलं, अन् माझ्या तोंडातून आपोआप निघून गेलं, "बरकत!"

तो खूश झाला, चहा सांगायला निघाला. मी पुन्हा एकदा ते नाव वाचलं, तर पुसता पुसता त्यानं पुढच्या 'पायलीने'तल्या ली ला पहिली वेलांटी देऊन ठेवली होती. ते ऱ्हाऊ दिलं. पायलीची इज्जत पायलीनं बघावी.